सव्वाचारची टकटक

हे मी कोणाला घाबरवायला लिहीत नाही. मी स्वतः घाबरलेली आहे आणि घरात आता कोणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. नवरा डोळे तपासतो, मी काचा घासून फ्रेममध्ये बसवते. अर्धा मिलीमीटर इकडचं तिकडे झालं तरी गिऱ्हाईकाचं डोकं दुखतं. तेव्हा नसलेलं बघायची किंवा असलेलं फुगवून सांगायची मला सवय नाही.

या पानावर लोक पडक्या घरांचं आणि सुनसान रस्त्यांचं लिहितात. माझ्या गोष्टीत तसलं काही नाही. चांगली चालती-बोलती इमारत आहे, लिफ्ट आहे, तिसरा मजला आहे. आणि ढळढळीत उजेड.

सात नोव्हेंबर, मंगळवार. दुपारचे सव्वाचार.

पण आधी ते घर माझ्याकडे आलं कसं, ते सांगते.

दुकानावर दोन मुलं मोठी केली, आता म्हातारपणाला चार पैसे येत राहावेत, म्हणून एक छोटं घर घेऊन भाड्याने द्यायचं ठरवलं. माझा दादा या धंद्यात मुरलेला. त्याची स्वतःची पाच घरं भाड्याने आहेत. त्याने मला समोर बसवून शिकवणी घेतली. कागद वकिलाकडून तपासून घे. पावसाळ्यानंतरच भिंती बघ, ओल तेव्हाच खरं बोलते. नवा भाडेकरू आला की कुलूप बदल. तीन महिन्यांनी एकदा घर बघून ये, पण आधी कळवून. आणि घर घेण्याआधी शेजाऱ्यांशी बोल.

"विकणारा घराबद्दल बोलतो," दादा म्हणाला. "घरात काय झालं, ते शेजारीच सांगतो."

घर घेण्याआधीचं मी सगळं केलं. शेवटचं सोडून.

घर बाजारभावापेक्षा बरंच खाली मिळत होतं. मार्च महिना होता, दुसरे एक जण टपून बसले होते, आणि मला घाई झाली. विकणारा माणूस मूळ मालकीणबाईंचा मुलगा होता. आई वारली, मी दूर राहतो, सांभाळणं होत नाही, म्हणाला. पटण्यासारखंच होतं.

बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. मध्ये एक अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला बाथरूम. घर खरंच छान होतं.

पहिली भाडेकरू एक नर्स होती. रात्रपाळी करायची, दिवसा झोपायची. अबोल, नीटनेटकी मुलगी. आठवडाही झाला नव्हता, मंगळवारी तिचा फोन आला.

"ताई, तुम्ही घराची किल्ली अजून कोणाला दिली आहे का?"

"नाही. का गं?"

"आज दुपारी मी झोपलेली असताना कोणीतरी दार उघडून आत आलं."

दादाने बजावूनही कुलूप मी बदललेलं नव्हतं. म्हटलं, जुन्या मालकाकडची एखादी किल्ली बाहेर राहिली असणार. दुसऱ्याच दिवशी नवं लॅच बसवून घेतलं. दोनच किल्ल्या. एक तिला, एक माझ्या पर्समध्ये.

पुढच्या मंगळवारी पुन्हा फोन.

"ताई… नवं कुलूपही उघडलं."

त्याच्या पुढच्या मंगळवारी मी पोहोचले, तेव्हा ती तिच्या दोन बॅगा घेऊन बाहेर जिन्यापाशी उभी होती. युनिफॉर्मवर नव्हती, पण केस तसेच घट्ट बांधलेले.

"कोण होतं, बघितलंस का तू?" मी विचारलं.

"कोणी नव्हतं. दार उघडल्याचा आवाज आला. चपला काढल्याचा आला. पावलं बोळात गेली." तिने दाराकडे मान वळवली. "मी धीर करून बाहेर आले. कोणी नाही. सगळ्या खोल्या बघितल्या… कोणी नाही."

"मग गेलं असेल."

"तेच सांगतेय ना, ताई. परत गेल्याचा आवाज आलाच नाही. रोज मरणाच्या दारातली माणसं बघते मी, अशी सहजासहजी घाबरत नाही. पण आत आलेलं माणूस बाहेर गेलेलंच नाही, अशा घरात मी झोपू कशी?"

तिने किल्ली माझ्या हातात ठेवली. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

दादाला सांगितलं तर तो हसला. "रात्रपाळीवाल्यांची झोप अर्धीच असते. काहीही ऐकू येतं. पुढचा भाडेकरू जरा पोक्त बघ."

मग जूनमध्ये सर आले.

निवृत्त गणिताचे शिक्षक. सत्तरीच्या पुढचे, एकटे, टापटीप. आमच्याच दुकानात चष्मा करायचे, म्हणून ओळख होती. दिवसभर बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसून जुनी अवघड गणितं सोडवत राहायचे. भाडं एक तारखेला, ठरल्या वेळी. तीन महिने एक तक्रार नाही. मी तर म्हटलं, सुटले.

सप्टेंबरमध्ये कळवून घर बघायला गेले. सरांनी चहा केला, नळ-बिळ दाखवले. मग म्हणाले, "तुमची ही पद्धत आवडली, ताई. आधी फोन करून येता. त्या दुसऱ्या बाई मात्र न सांगताच येतात."

माझा कप हातात तसाच राहिला.

"कोण दुसऱ्या बाई?"

"दर मंगळवारी येतात त्या. सव्वाचारला. तुमच्याकडच्या ना? मला वाटलं, म्हातारा एकटा आहे म्हणून तुम्हीच चौकशीला पाठवता."

"त्या… काय करतात?"

"काही नाही. किल्लीने दार उघडतात, चपला काढतात. पर्सची कळ वाजते. टक्… अशी. मग बोळातून जाऊन बाथरूमचं दार वाजवतात आणि विचारतात, 'आहात ना?' मी इथूनच म्हणतो, 'आहे, आहे.' मग जातात."

"तुम्ही त्यांना बघितलंय?"

"माझी पाठ असते हो दाराकडे. आणि गुडघे असे. मी वळेपर्यंत त्या बोळात गेलेल्या असतात." ते हसले. "खरं सांगू का, बरं वाटतं. या वयात कोण विचारतं, आहात का म्हणून."

मी दाराकडे बघितलं. आतून लावायची साखळी होती. मी आत आल्यावर सरांनी ती पुन्हा लावलेली मला आठवत होती.

"सर, ही साखळी तुम्ही नेहमी लावता?"

"नेहमीच."

"मंगळवारी दुपारीसुद्धा?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काच स्वच्छच होती.

"हे एक गणित," ते हळू आवाजात म्हणाले, "मी तीन महिने मुद्दामच सोडवलेलं नाही, ताई."

जे मार्चमध्ये करायला हवं होतं, ते मी त्या दिवशी केलं. शेजारचं दार वाजवलं.

शेजारी एक मावशी राहतात. घरीच पडदे शिवून देतात. मी सगळं सांगितलं तशी त्यांनी शिलाई मशीनवरचा पाय काढला.

"तुला कोणी सांगितलंच नाही का गं?" म्हणाल्या. "मला वाटलं, माहीत असूनच घेतलंस."

तुझ्या आधी तिथे एक घड्याळ दुरुस्त करणारा राहायचा, मावशी सांगू लागल्या. एकटा जीव. भाडं बँकेतून आपोआप जायचं, त्यामुळे मालकीणबाई वर्षातून एखादवेळी यायच्या. भाडं येतंय म्हणजे माणूस बरा आहे, असं त्या धरून चालायच्या. एकदा तो बाथरूममध्ये पडला. कंबर मोडली. आतून कडी, उठता येईना.

"दोन-तीन दिवस या भिंतीवर टकटक ऐकू येत होती." मावशींनी मशीनमागच्या भिंतीला हात लावला आणि लगेच काढला. "मला वाटलं, नळाचं काम चाललंय."

मी त्या भिंतीकडे बघितलं.

"आणि नेमक्या त्याच आठवड्यात, मंगळवारी, मालकीणबाई आल्या होत्या. मीच त्यांना माझ्या जिन्याकडच्या खिडकीतून बघितलं. सव्वाचारला. बाहेरून दार वाजवलं, 'आहात ना?' म्हणून हाक मारली. उत्तर नाही. पर्समधून किल्ली काढली, हातात धरून उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, 'भाडेकरूच्या माघारी त्याच्या घरात शिरणं बरं दिसत नाही.' आणि किल्ली परत पर्समध्ये टाकून गेल्या."

"तो तेव्हा…"

"डॉक्टर म्हणाले, तेव्हा जिवंत असणार." मावशींनी पदराने तोंड पुसलं. "अकराव्या दिवशी दार तोडलं. त्यानंतर बाईंनी ते घर कोणालाच दिलं नाही. दर मंगळवारी यायच्या. बाथरूमच्या दाराशी उभ्या राहून विचारायच्या. दोन वर्षं. मग त्याही गेल्या."

हे मी सरांना सांगितलं. लपवणं मला जमलं नसतं. घर सोडायचं असेल तर आजच सोडा, म्हटलं. त्यांनी गणिताची वही मिटली.

"मला त्रास काय आहे?" ते म्हणाले. "त्या विचारतात, मी सांगतो. एवढंच तर आहे."

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यासाठी ते मुलीकडे गेले. जाताना म्हणाले, "पंधरा दिवस घरात कोणी नसेल, ताई. उत्तर द्यायला."

मी ते हसण्यावारी नेलं. आणि सात तारखेला दादाला घेऊन घर बघायला गेले, कारण मावशींनी कळवलं होतं की आमच्या बाथरूममधून पाणी झिरपतंय. मंगळवार आहे, हे माझ्या लक्षात होतं. दादाच म्हणाला, "मंगळवारीच जाऊ. एकदाचं तुझं भूत उतरू दे."

दादा खाली पाण्याची टाकी बघायला थांबला. मी वर आले. सवयीने साखळी लावली आणि बाथरूममध्ये जाऊन बेसिनखालचा पाइप बघायला वाकले.

दार मी उघडंच ठेवलं होतं.

कुलपात किल्ली फिरली…

म्हटलं, दादा आला. पाइपावर हात फिरवत मी म्हणाले, "दादा, इथे बघ, सांध्यातूनच गळतंय."

उत्तर नाही.

चपला काढल्याचा आवाज. एक… मग दुसरी.

तेव्हा मला आठवलं. माझी किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. दादाकडे किल्लीच नाही.

आणि साखळी मी लावली आहे.

टक्. पर्सची कळ.

मी बेसिन धरून उभी राहिले. पावलं बोळात आली. सावकाश, अंगाने जड बाई चालते तशी. दाराबाहेर थांबली.

उघड्या दारातून मला अख्खा बोळ दिसत होता.

रिकामा.

मग ते दार हळूहळू मिटत आलं… आणि बंद झालं.

टकटक.

"आहात ना?"

साधा आवाज होता. कोणाच्याही आईचा असावा तसा. मी मूठ दातांत धरून उभी होते.

टकटक. टकटक.

"आहात ना हो?"

मी कडीला हात घातला. कडी लागलेलीच नव्हती. तरी दार उघडेना. बाहेरून कोणीतरी सगळा भार टाकून टेकलं होतं. मग मुठी पडायला लागल्या. आधी एका हाताच्या, मग दोन्ही. चौकटीतून चुना गळायला लागला. आरशाजवळचा ब्रशचा पेला खाली पडला. आणि तो आवाज… तो आता रडत होता.

"काहीतरी बोला. एकदा बोला. मी आलेय, किल्ली आहे माझ्याकडे…"

कुठून बळ आलं माहीत नाही. मी म्हणाले, "आहे. मी आहे."

सगळं थांबलं.

एक लांब श्वास ऐकू आला. पावलं परत फिरली. चपला पायात सरकल्या. किल्ली फिरली.

मी हात लावला तर दार पिसासारखं उघडलं. बोळात कोणी नव्हतं. बाहेरच्या दाराला साखळी मी लावली होती तशीच होती. तेवढ्यात बेल वाजली. मी साखळी काढली. दादा समोर उभा होता, घामाघूम.

"किती वेळ बेल दाबतोय," तो म्हणाला. "दहा मिनिटं इथेच उभा आहे. कोणाशी बोलत होतीस?"

"दादा, तुझ्यासमोरून कोण गेलं?"

"कोणीच नाही." तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता. "पण आत दोन बायका बोलत होत्या. एक तू होतीस."

त्या दिवसापासून दादा मला त्या घराबद्दल एकही सल्ला देत नाही.

सर परत आलेच नाहीत. मुलीने ठेवून घेतलं. त्याच आठवड्यात सामान हलवलं, एक खुर्ची तेवढी राहिली. फोनवर म्हणाले, "त्यांना उत्तर देत जा, ताई. माझ्याखातर."

मी दिलं नाही. कुलूप लावलं आणि विकायचं ठरवलं. पुढच्याच मंगळवारी मावशींचा फोन आला. मागे धाड-धाड आवाज ऐकू येत होता.

"संध्याकाळ व्हायला आली, थांबत नाहीये," मावशी म्हणाल्या. "अख्खा मजला दारात येऊन उभा आहे. सरांच्या उत्तराची सवय लागलीय त्यांना. तू ये, आणि सांग बाई काहीतरी."

मी रिक्षा करून गेले. दार उघडून उंबऱ्यातूनच ओरडले, "आहे." आवाज थांबला.

तेव्हापासून मी दर मंगळवारी जायला लागले. चारला दुकानातून निघायचं, सरांच्या खुर्चीत त्यांच्यासारखंच दाराकडे पाठ करून बसायचं. किल्ली, चपला, कळ, टकटक. "आहे." मग घरी. माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात. मला नाही झाली. दर वेळी किल्ली फिरली की तळहातांना घाम फुटायचा. विकायला काढलं तर नव्या माणसाला काय सांगायचं? आणि न सांगता विकायचं, म्हणजे माझ्याशी झालं तेच मी दुसऱ्याशी करायचं.

जानेवारीतला तिसरा मंगळवार. मी खुर्चीत बसले होते.

किल्ली. चपला. टक्.

पावलं बोळात गेली.

टकटक. "आहात ना?"

मी तोंड उघडलं…

आणि माझ्या आधी बाथरूमच्या आतून कोणीतरी म्हणालं,

"आहे."

पुरुषाचा आवाज होता. कोरडा, घसा सुकलेला.

"इथेच आहे. दार उघडा."

बोळात कोणीतरी हुंदका दिला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मान वळवली नाही. वळवूच शकले नाही.

कडी सरकली. दार करकरलं. पावलं आत गेली… दार लागलं. कडी पुन्हा सरकली.

मग काहीही नाही. मी बसून राहिले. पाच मिनिटं, कदाचित अर्धा तास. चपलांचा आवाज आला नाही. बाहेरचं दार वाजलं नाही. शेवटी उठले आणि मागे न बघता पळाले.

त्यानंतर दोन मंगळवार गेले. मावशी म्हणतात, एकही टकटक नाही, अगदी शांत आहे. दादाला बळेच घेऊन मी बघायला गेले. बाथरूमचं दार बंद होतं. आम्ही दोघांनी ओढलं.

आतून कडी होती.

आत जायला दुसरी वाट नाही. वर वीतभर झरोका आहे, त्यालाही गज. दादाने मला हाताला धरून मागे ओढलं. मग एवढंच म्हणाला, "सुताराला बोलाव."

काल सुतार आला. भला माणूस, गप्पिष्ट. लिफ्टमध्ये मुलीच्या परीक्षेबद्दल बोलत होता. बोळात त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली, दारावर बोटांनी वाजवून लाकूड बघितलं आणि छिन्नी काढली. म्हणाला, सोपं काम आहे, कडीपाशी एक घाव घातला की उघडेल.

मग हातोडी उचलली आणि सगळेच सुतार विचारत असतील तसं सहज विचारलं,

"आत कोणी नाही ना, ताई?"

मी तोंड उघडलं. नाही, एवढाच शब्द म्हणायचा होता. त्याआधीच बंद दारामागून दोन आवाज एकदम म्हणाले, "आहोत."

तो हातोडी धरून माझ्याकडे बघत राहिला. मग दाराकडे. मग छिन्नी पिशवीत टाकून तो एक शब्द न बोलता जिन्याने खाली गेला. लिफ्टसाठीही थांबला नाही.